आधार: धरायचा की धरून ठेवायचा?

दोन-अडीच वर्षांच्या मुलांचीही 'जिम' असते, हे भारतातल्या नातेवाइकांना फोनवर समजावून सांगणं हाच एक मोठा व्यायाम आहे. "एवढंसं पोर वजनं उचलतं की काय?" हा पहिला प्रश्न. "आणि त्याचे तुम्ही पैसे मोजता?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर देताना मात्र आपला आवाज जरा खाली येतो, कारण तो प्रश्न अशा घरातून आलेला असतो, जिथे अंगण होतं, ओसरी होती, चार दगडी पायऱ्या होत्या आणि चुलत-मावस भावंडांची फौज होती. चढायला, उतरायला, पडायला आणि उठायला मूल तिथे फुकटात शिकत होतं.

इथे आपल्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. बाहेर डिसेंबर ते मार्च बर्फ. भावंडं असलीच तर एखादं, आणि चुलत भाऊ फक्त स्क्रीनवर. मग शनिवारी सकाळी मिनीव्हॅन काढायची आणि 'टॉडलर जिम' गाठायची. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक मोठी खोली, जमिनीवर रंगीत फोमच्या गाद्या, वीतभर उंचीचा बॅलन्स बीम, एक कापडी बोगदा, मुलाच्या हाताला येतील असे बार, एक घसरगुंडीवजा उतार. सुरुवातीला गोल करून गाणी, शेवटी साबणाचे फुगे आणि एक भलंमोठं रंगीबेरंगी पॅराशूट. एकूण पाऊण तास. साधारण तीन वर्षांखालच्या मुलांबरोबर आई किंवा बाबांनी आत असायचं, म्हणजे आपणही अनवाणी, मांडी घालून, गाण्याला टाळ्या वाजवत.

अमेरिकेत हा प्रकार चांगला रुजलेला आहे. 1976 साली कॅलिफोर्नियात जोन बार्न्स या दोन लहान मुलींच्या आईने 'जिंबोरी' सुरू केलं आणि त्याच वर्षी सिएटलजवळ रॉबिन वेस यांनी 'द लिटल जिम' काढलं. म्हणजे आपल्याकडे अंगणं नाहीशी होऊन फ्लॅट येत होते, त्याच सुमारास इथे अंगणाची फी आकारायला सुरुवात झाली होती.

मी आयटी कन्सल्टंट. 2004 साली एम.एस. करायला आलो आणि बहुतेकांसारखा 'दोन-तीन वर्षांत परत जाऊ' असं म्हणत राहिलो. थोरला आता शाळेत आहे, धाकटी अडीच वर्षांची. दोघांच्या निमित्ताने माझ्या बऱ्याच शनिवार सकाळी या गाद्यांवर गेल्या आहेत. तिथे बसून मुलांपेक्षा पालकांकडेच जास्त लक्ष जायचं. एक बाबा मुलाच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला बीमवरून 'चालवत' असत, म्हणजे मुलाचे पाय हवेत आणि बाबांची कमर वाकलेली. एक आई मुलीला बारवर लोंबकळायला लावून तिचा व्हिडिओ घेत असे, आणि मुलगी रडत असे. तिसऱ्या एक आजी होत्या, आपल्याच. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्या कोपऱ्यातून दर अर्ध्या मिनिटाला "पडशील रे, पडशील!" असा नामजप करत. तिघांचंही मुलावर निरतिशय प्रेम होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि म्हणूनच प्रश्न पडला: प्रेमाने दिलेला आधार नेहमीच आधार असतो का? आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं, आणि तो काढून घेणं हे कधी आपलं कर्तव्य ठरतं?

आधी सोपी तयारी सांगून टाकतो, कारण नव्या पालकांना तीच हवी असते. कपडे अंगासरशी, पण हालचाल करता येईल असे. झालरीचा फ्रॉक गुडघ्यात अडकतो, आणि नाडीची टोपी असलेला स्वेटर बारवर अडकतो. पाय अनवाणी, किंवा तिथला नियम असेल तर तळाला रबरी ठिपके असलेले मोजे. आजीने हौसेने घातलेले वाळे, मनगट्या आणि गळ्यातली साखळी घरीच काढून ठेवावी. वरणभात तासभर आधी भरवावा, ऐन वेळी नको. झोपेच्या वेळेची बॅच घेऊ नये, मग ती स्वस्त का असेना. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचावं, म्हणजे मुलाला रिकामी खोली बघायला मिळते. दहा-बारा मुलांचा गोंधळ चालू असताना दारात पहिलं पाऊल टाकण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. आणि ताप किंवा सर्दी असेल तर 'पैसे भरलेत' म्हणून मूल नेऊ नये. त्या गाद्यांवर दुसऱ्या कुणाचं तरी सहा महिन्यांचं बाळही रांगत असतं.

आपल्या घरांसाठी एक खास तयारी आहे. घरात फक्त मराठी ऐकलेल्या मुलाला तिथे पहिल्यांदाच कुणीतरी इंग्रजीत सूचना देणार असतं. घाबरून त्याच्याशी घरी इंग्रजी बोलायला लागण्याची मुळीच गरज नाही. 'वेट', 'माय टर्न', 'हेल्प', 'स्टॉप' एवढे चार शब्द खेळता खेळता शिकवले की पुरतात. उडी, कोलांटी, लोळण, लोंबकळणं हे शब्द मराठीतूनच अंगात मुरू द्यावेत. आदल्या रात्री गोष्टीसारखं सांगावं: "उद्या आधी गोल करून बसायचं, मग गाणं, मग बोगदा, शेवटी फुगे. आणि मी तिथेच असणार."

या शेवटच्या वाक्यापाशी सोपी तयारी संपते आणि अवघड सुरू होते, कारण ते वाक्य खरं असावं लागतं. मूल खेळात रमलं की डोळा चुकवून सटकायचं, ही आपल्याकडची जुनी आणि सर्रास युक्ती. रडारड वाचते हे खरं, पण मूल त्यातून शिकतं ते एवढंच, की रमणं धोक्याचं आहे. पुढच्या वेळी ते रमतच नाही, पदर धरून बसतं, आणि आपण म्हणतो, "बघा, हल्ली फार चिकट झालाय." तसंच ते "रडलीस तर पोलीस घेऊन जातील" आणि "सुई टोचून घ्यायची, अजिबात दुखत नाही". बोलणारा मोठा विसरून जातो. ऐकणारा विसरत नाही. दोन वर्षांच्या माणसाला दिलेला शब्दही शब्दच असतो, आणि तो मोडण्याची मुभा त्याच्या उंचीवरून ठरत नाही.

आता चेहऱ्याविषयी. 1985 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी साधारण वर्षाच्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक टेबल, त्यावर जाड काच. अर्ध्या भागात काचेच्या लगेच खाली चौकटीचं कापड, पुढच्या अर्ध्या भागात तेच कापड फूटभर खोल. बाळाला वाटावं की पुढे खड्डा आहे. ही 'भासमान दरी' एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी कॉर्नेल विद्यापीठात आधीच वापरली होती, 1960 साली तिच्यावर लेखही आला होता. नव्या प्रयोगात पलीकडे आई उभी होती आणि तिने तोंडाने काही बोलायचं नव्हतं. बाळ कडेला येऊन थबकायचं आणि आईच्या तोंडाकडे बघायचं. आई हसरी होती त्या 19 बाळांपैकी 14 जणांनी काच ओलांडली. आईने घाबरलेला चेहरा केला त्या 17 बाळांपैकी एकानेही नाही.

मंडळी, हा आकडा मला कोणत्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जड वाटतो. सतरापैकी शून्य! काच तीच, खोली तीच. फरक फक्त समोरच्या चेहऱ्यात. टॉडलर जिममध्येही हेच चालतं. बीमच्या टोकाला मूल थांबतं आणि मान वळवून आपल्याकडे बघतं. त्या क्षणी आपण मोबाईलमध्ये असलो तर त्याला उत्तरच मिळत नाही. आपण श्वास रोखून, डोळे मोठे करून बसलो असलो तर उत्तर मिळतं: 'खड्डा आहे.'

यावर माझ्या बायकोने एकदा चांगला आक्षेप घेतला. ती म्हणाली, "म्हणजे मनात भीती असताना तोंडावर हसू आणायचं? हे नाटकच झालं की! आत्ताच तर म्हणालास, मुलांशी खोटं बोलू नये म्हणून." प्रश्न बिनतोड होता आणि मी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला. मला सापडलेलं उत्तर असं. बीमवरचं मूल आपल्याकडे बघतं तेव्हा ते 'बाबा, तुला कसं वाटतंय?' असं विचारत नसतं. ते विचारत असतं, 'बाबा, इथे धोका आहे का?' वीतभर उंचीचा बीम आणि खाली चार इंचांची गादी असताना या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही' हेच आहे. माझ्या पोटात गोळा आला असेल, पण ती माहिती माझ्याविषयीची आहे, बीमविषयीची नाही. तो गोळा चेहऱ्यावर आणला तर मी प्रामाणिक ठरत नाही. उलट जगाविषयी विचारलेल्या प्रश्नाला स्वतःविषयीचं उत्तर देऊन मी मुलाची दिशाभूल करतो. धोका खरोखर असेल, गाडी येत असेल, चूल पेटलेली असेल, तिथे चेहऱ्याने धोका सांगितलाच पाहिजे, आणि तो त्याला पटावा म्हणूनच तर एरवी तो जपून वापरायचा. ज्या आजी दर अर्ध्या मिनिटाला "पडशील" म्हणतात, त्यांच्याकडे खऱ्या संकटासाठी वेगळा शब्द उरत नाही.

आणि पडण्याचं म्हणाल तर ते चालण्याचाच भाग आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं. 2012 साली छापलेला त्यांचा हिशेब असा: ही मुलं तासाला सरासरी 2368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. तासाला सतरा! आपल्यापैकी कुणी नवी गोष्ट शिकताना तासाला सतरा वेळा आपटलं, तर दुसऱ्या दिवशी क्लास सोडेल. मूल सोडत नाही, कारण पडणं ही नाचक्की आहे हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या धंद्यात नवा प्रोग्रॅम थेट गिऱ्हाइकाकडे चालवत नाहीत, आधी टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवतात. तिथे तो कोसळला तर कुणाचं नुकसान होत नाही, आणि कोसळला नाही तर उलट संशय येतो. जिमच्या गाद्या म्हणजे मुलाची टेस्ट एन्व्हायर्नमेंट. स्वस्तात पडण्याची जागा. तिथेही मुलाला पडू द्यायचं नसेल, तर पैसे कशाचे भरले?

भीतीच्या शेजारी आणखी एक भावना राहते, आणि ती जास्त सोज्वळ कपडे घालते. ती म्हणजे हौस, महत्त्वाकांक्षा. आपण इथवर कसे आलो ते आठवा. मार्क, रँक, जीआरई, व्हिसा. रांगेत पुढे राहण्याची सवय आपल्या हाडात आहे. त्यामुळे मंडळाच्या गणपतीला कुणी सहज म्हणालं की "आमची नवव्या महिन्यातच चालायला लागली", की आपल्या डोक्यात एक गुणपत्रिका छापली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 साली वाढीचे टप्पे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालायला लागण्याचा त्यातला काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत आहे. नऊ महिन्यांहून मोठी फट! त्यातली सुमारे 4.3 टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. जो 'उशीर' म्हणून आपण झोप उडवून घेतो, तो बहुतेक वेळा उशीर नसतोच.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1785 सालच्या एका ग्रंथात मांडलं, की माणसाला केवळ साधन म्हणून कधी वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर गुलामगिरी, पिळवणूक अशा मोठ्या गोष्टी येतात. बारवर रडत लोंबकळणारी मुलगी आणि समोर मोबाईल धरलेला हात येत नाही. पण प्रश्न तोच आहे. ती मुलगी त्या क्षणी कशासाठी लोंबकळते आहे? तिच्या स्वतःच्या गमतीसाठी, की पुण्याच्या ग्रुपवर जाणाऱ्या तीस सेकंदांसाठी? व्हिडिओ घेऊच नये असं मी म्हणत नाही. आजी-आजोबांचा तो हक्कच आहे, फक्त त्यात दुसऱ्यांची मुलं येऊ नयेत एवढं बघावं. पण मूल नको म्हणत असताना 'एकदाच, आजीसाठी' असा आग्रह आपण करतो, तेव्हा आपण त्याला दोन गोष्टी शिकवतो: तुझ्या शरीराविषयी तुझ्या 'नको'ला किंमत नाही, आणि प्रेम मिळवायचं असेल तर करून दाखवावं लागतं. या दोन्ही गोष्टी ते पुढे पंधराव्या वर्षीही विसरलेलं नसेल, आणि तेव्हा त्या शिकवणारे आपण नसू.

मग पालकाने करायचं काय? ना ढकलायचं, ना धरायचं, नुसतं बसायचं? इथे मला आपल्याच घरातली एक जुनी वस्तू आठवते. पांगुळगाडा. लाकडी, तीन चाकांचा, समोर धरायला एक आडवी दांडी. इथल्या मुलांना तो आता फोटोतच दिसेल. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून दांडी धरतं आणि ढकलत पुढे जातं. दमलं की सोडून खाली बसतं. या उलट तो गोल वॉकर, ज्यात मुलाला मधोमध बसवतात आणि ते पायाच्या बोटांनी रेटा देत घरभर सुसाट फिरतं. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेत बंदी नाही, पण इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ती मागितलेली आहे. कारण त्यात बसलेली मुलं जिन्यावरून कोसळून जखमी होतात, आणि चालायला लवकर शिकतात असंही नाही.

दोन्ही वस्तूंना आपण चालण्याचा आधारच म्हणतो. पण पांगुळगाड्यात मूल आधाराला धरतं, आणि वॉकरमध्ये आधार मुलाला धरतो. पांगुळगाडा सोडायचा केव्हा हे मूल ठरवतं. वॉकरमधून बाहेर कधी काढायचं हे मोठी माणसं ठरवतात. माझ्या मते आधार आणि ताबा यांतला फरक एवढाच आहे, आणि तो फक्त वर्षाच्या मुलापुरता नाही. हंगेरीतल्या एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1946 साली बुडापेस्टमध्ये निराधार बाळांसाठी एक संस्था काढली. तिथला एक नियम असा, की बाळाला ज्या स्थितीत स्वतःहून जाता येत नाही त्या स्थितीत त्याला मुद्दाम ठेवायचं नाही. बसता येत नसेल तर उशा लावून बसवायचं नाही, उभं राहता येत नसेल तर हाताला धरून उभं करायचं नाही. आपल्याला हे जरा कडक वाटेल. पण त्यामागचा आदर बघण्यासारखा आहे: तुझ्या शरीराचा मालक तू आहेस, मी नाही.

जिम्नॅस्टिक्समध्ये यासाठी एक छान शब्द आहे, स्पॉटिंग. शिक्षक खेळाडूच्या शेजारी उभा राहतो, हात तयार असतात, पण टेकलेले नसतात. तोल गेलाच तर हात पोचतील एवढ्या अंतरावर. आपल्या तालमीत मल्लखांबावर नवखा मुलगा चढतो तेव्हा खाली उभे असलेले वस्ताद हेच करतात. त्यांनी मुलाला धरून ठेवलं तर तो चढणार नाही, आणि ते चहाला निघून गेले तर तो चढायचं धाडस करणार नाही. हात जवळ ठेवणं आणि तरीही न लावणं, यात जेवढे कष्ट आहेत तेवढे कडेवर घेण्यात नाहीत. कन्सल्टंट म्हणून मला हे ओळखीचं वाटतं. आमच्या धंद्यात दोन प्रकारची माणसं असतात. एक जण गिऱ्हाइकाकडे काम अशा पद्धतीने करतो, की तो नसला तर यंत्रणा बंद पडावी. त्याचं बिल वर्षानुवर्षं चालू राहतं. दुसरा पहिल्या दिवसापासून समोरच्यांना शिकवत जातो, आणि एक दिवस त्याची गरज उरत नाही. दुसऱ्याला पैसे कमी मिळतात, पण रात्री झोप चांगली लागते. पालकपणाचं कंत्राट दुसऱ्या प्रकारचं आहे. फक्त इथे कंत्राट संपण्याचं दुःख जास्त असतं, म्हणून आपण नकळत पहिल्या प्रकाराकडे सरकतो.

याचा अर्थ 'सगळं आपोआप होईल' असाही नाही. तो आळस झाला, आणि कधी कधी त्याहून वाईट, लपवाछपवी. 18 महिने उलटूनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, हाकेला वळत नसेल, येत असलेली गोष्ट विसरत चाललं असेल, तर थांबून राहू नये. डॉक्टरांना दाखवावं. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'अर्ली इंटरव्हेन्शन' ही सरकारी सोय आहे, 1986 च्या कायद्याने आलेली, आणि तपासणीसाठी कुटुंबाला पैसे पडत नाहीत. ती न वापरण्याचं आपलं कारण बहुतेक वेळा एकच असतं: लोक काय म्हणतील. ज्या मुलाला खरोखर दांडी धरायची गरज आहे, त्याची दांडी आपल्या अब्रूसाठी काढून घेणं हाही ताबाच.

आणि टॉडलर जिमलाच गेलं पाहिजे असंही अजिबात नाही. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं. आठवड्याची झाली 1260 मिनिटं. त्यात जिमची 45. म्हणजे मुलाचं शरीर घडतं ते उरलेल्या 1215 मिनिटांत: बागेत, जिन्यात, सोफ्यावर, कपाटातली भांडी बाहेर काढताना. ज्यांना फी परवडत नाही, वेळ जमत नाही, त्यांच्या मुलाचं काही बिघडत नाही. मला तर वाटतं, ती 45 मिनिटं पालकांच्याच शिकवणीची असतात.

ही शिकवणी आपल्या आई-वडिलांना कुणी दिली होती, असा विचार मनात येतो. 2004 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या विमानतळावर मला सोडायला आई-बाबा आले होते. मी दोन बॅगा घेऊन आत शिरताना मागे वळून बघितलं. बाबांचा चेहरा अगदी रोजच्यासारखा, जणू मी क्लासला निघालो होतो. "पोचलास की फोन कर," एवढंच म्हणाले. पुढे कितीतरी वर्षांनी आईने बोलता बोलता सांगितलं, की परत जाताना लोणावळा येईपर्यंत ते गाडीत एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी मला त्यांच्या पोटातला गोळा दाखवला नाही, कारण मी वळून तो प्रश्न विचारलाच नव्हता. मी विचारलं होतं की पुढे जाणं ठीक आहे का, आणि त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मागे असा एक चेहरा उभा होता. 'आमच्या वेळी असले पालकत्वाचे क्लास नव्हते' असं तो म्हणेल आणि ते खरंही आहे, पण विषय त्याला पाठ होता.

तिसऱ्या वाढदिवसानंतर बहुतेक ठिकाणी बॅच बदलते. मूल एकटं आत जातं आणि पालक काचेच्या अलीकडे खुर्चीवर बसतात. धाकटीची ती बॅच आता सहा महिन्यांवर आली आहे. तिच्या तयारीची मला फारशी काळजी नाही. ती चढते, पडते, "माय टर्न" असं ठणकावते आणि "बाबा, हात नको" हेही आता स्पष्ट मराठीत सांगते. काचेच्या अलीकडे बसायची तयारी मला करायची आहे. तुमच्याही घरी कुणी त्या वयाचं असेल तर या शनिवारी एक करून बघा. मूल बीमच्या टोकाला थांबून मागे बघेल, तेव्हा फोन खिशात ठेवा, हात जवळ ठेवा, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्या.